उपाशी कुणगा

वेतोळ्याचा बाजार मागे टाकून ओढा ओलांडला आणि पाखाडी चढू लागलं की चढण संपते तिथे, कातळाच्या कडेला, येसूचा कोंड लागतो. वस्ती म्हणायची ती एवढीशी. या टोकाला कोणी शिंकलं तर त्या टोकाचा माणूस 'काय वो, पडसं झालं काय' असं विचारतो. आषाढात आलात तर घरांच्या खालचा सगळा उतार हिरवागार दिसेल. पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेली ही भाताची खाचरं. इकडे त्यांना कुणगे म्हणतात.

त्या हिरव्यात मधोमध एक कुणगा उघडा असतो. पडीक मात्र नव्हे. त्याची नांगरणी झालेली असते, चिखल केलेला असतो, बांध चोपून लिंपलेला असतो, पाणी बरोब्बर घोट्याएवढं राखलेलं असतं. फक्त त्यात रोप नसतं. बाहेरून आलेले लोक बांधावर उभे राहून आपापली अक्कल चालवतात. कोणी म्हणतं, जमीन खारवली असेल. कोणी म्हणतं, भाऊबंदकीचा दावा असेल. एखादा उत्साही माणूस फोटोसाठी चिखलात उतरायला जातो, तेव्हा कोंडाचे गावकर, म्हणजे मुख्य मानकरी, महादू पाष्टे वरून ओरडतात, "पावन्यानू, त्यात पाय नका घालू. तो कुनगा उपाशी हाय."

"उपाशी म्हणजे?"

"म्हंजे आमीच त्येला उपाशी ठेवलाय. बसा, सांगतो."

पाष्टे सांगतात ती हकीगत खोतांच्या अमलातली. खोत म्हणजे सरकारात सारा भरणारा, आणि त्या निमित्ताने गावाचा धनी होऊन बसणारा माणूस. वेतोळ्याचा त्या वेळचा खोत विसाजी. तो आवाज चढवत नसे, शिवी देत नसे. हसून बोले आणि बोलता बोलता माणसाच्या मानेवर पाय ठेवी. त्या काळी कोंडाला नाव नव्हतं. वरचे लोक, एवढंच म्हणत. पण या वरच्या लोकांवाचून खालच्यांचं पान हलत नसे, कारण बियाणं वर असे.

वेतोळं खाडीच्या काठावर. तिथली हवा दमट, पेवात ठेवलेलं भात फाल्गुनात हाताला ओलसर लागे. कोंड उंचावर, वाऱ्यावर. म्हणून मळण्या झाल्या की खालचं प्रत्येक घर आपलं बियाणं वर पाठवी आणि वर ते मुड्यांत बांधलं जाई. मुडी म्हणजे भाताच्या पेंढ्याचं घट्ट वळलेलं गोल गाठोडं. ती चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायची आणि पेरणीपर्यंत उघडायची नाही. मुडी बांधणं म्हटलं तर पेंढ्याचं काम, म्हटलं तर देवाचं. ते येसूइतकं कोणाला साधलं नव्हतं. तिच्या मुडीला कधी टोका, म्हणजे धान्यातला किडा, लागला नाही की उंदराचा दात लागला नाही. प्रत्येक घराच्या मुडीला ती वेगळी गाठ मारी. खोताच्या मुड्यांना दुहेरी पीळ. ती गाठ बघितली की पुढे कोणी काही बघत नसे. येसूची गाठ आहे ना, मग झालं, असं लोक म्हणत.

या येसूचा नवरा धाकू. अंगाने दांडगा, बोलायला मुका म्हणावा असा. कोंडाखालच्या उतारावर कातळ फोडून, डोक्यावरून माती वाहून त्याने एक कुणगा नवा काढला होता. त्यांची एकुलती लेक मथी, वेतोळ्यातल्या लखूला दिलेली. त्या आश्विनात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला डोहाळे लागले नव्या भाताच्या पोह्यांचे.

आता वेतोळ्यात एक दंडक होता. खोताच्या शेताला कोयता लागल्याशिवाय कुळाने आपल्या शेतातलं एक कणीसही तोडायचं नाही. तो दंडक धाकूला चांगला माहीत होता. पण पोटुशी लेक दोन दिवस उंबऱ्यावर बसून शेताकडे बघत होती आणि बापाला ते बघवलं नाही. त्याने आपल्याच कुणग्याच्या कोपऱ्यातलं कवळाभर भात कापलं. येसूने ते भाजलं, उखळात कांडलं. लेकीने गरम पोहे गुळाबरोबर खाल्ले आणि धाकू म्हणे त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसला. उखळाचा आवाज मात्र खाली खोताच्या माणसापर्यंत गेला.

विसाजीने आपली कापणी उरकेपर्यंत वाट बघितली आणि मग धाकूला बोलावून घेतलं. रागावला नाही. खोताच्या खळ्यात मळणी चालली होती, मधल्या खांबाला, म्हणजे तिवड्याला, बैलांची पात जुंपलेली होती. विसाजी म्हणाला, "बैलाच्या आधी ज्याने दाणा खाल्ला, त्याने बैलाचं काम करावं. न्यायच आहे." आणि त्याने पातीतला कडेचा बैल सोडायला लावून त्याच्या जागी धाकूला बांधलं. कडेच्या बैलाला सगळ्यांत लांबचा फेरा पडतो.

ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी धाकू फिरत होता. खळ्याभोवतीच्या दगडी गडग्यावर सगळं वेतोळं येऊन बसलं होतं. त्यात जावई लखूही होता. कोणी तोंडातून ब्र काढला नाही. येसू गडग्याला धरून उभी होती. तिने खोताचे पाय धरले तेव्हा तो म्हणाला, "अगं, तो काय एकटा आहे? बैल आहेत की सोबतीला." तिसऱ्या प्रहरी धाकू पडला. बैल त्याच्यापाशी येऊन आपसूक थांबले, पाय उचलेनात. तेव्हा खोताच्या गड्याने आसूड ओढला तो बैलांवर नव्हे, पडलेल्या माणसावर.

धाकूला घरी आणलं ते दाराच्या फळीवर घालून. दोन दिवसांनी तो गेला. त्याच आठवड्यात मथीला मुलगा झाला. बापासाठी रडावं की पोराला पाजावं, हे त्या पोरीला कळत नव्हतं.

येसू रडली नाही. राख सावडून झाल्यावर ती सरळ खोताच्या खळ्यात गेली. तिवड्याला हात लावून म्हणाली, "ह्या खळ्यात पुन्यांदा भात पडाचं न्हाय. पडलं, तर मी धाकूची बायकू न्हाय." खळ्यात त्या वेळी कोणी नव्हतं असं सांगतात. मग हे शब्द कोणी ऐकले, असं विचारू नका. आख्यायिकेत एवढं चालतं.

मग ती वाघजाईच्या देवळात कौल घ्यायला गेली. ओली फुलं देवीच्या अंगाला लावायची, मनात प्रश्न धरायचा, उजवं फूल पडलं तर होकार आणि डावं पडलं तर नकार, अशी इथली रीत. गुरवाने विचारलं, "काय सांगू देवीला?" ती म्हणाली, "माजं मी सांगतंय." तिने मनात विचारलं, खोताचं भात मरेल का? उजवं फूल ताबडतोब पडलं. येसूने नमस्कार केला आणि निघाली. आणखी काही विचारावं असं तिच्या मनात आलं नाही. देवी विचारलं तेवढंच सांगते, हे कोंडावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पोटात आग पेटलेली असली की माणूस एकच प्रश्न विचारतो.

मार्गशीर्षात नेहमीप्रमाणे बियाणं वर आलं. खोताचंही आलं. तुम्ही म्हणाल, ज्या बाईचा नवरा मारला तिच्याच घरी बियाणं पाठवायची छाती कशी झाली? तर तीच खोताची मिजास होती. दुसरीकडे पाठवणं म्हणजे आपण तिला भ्यालो असं कबूल करणं. शिवाय तिच्यासारखी मुडी दुसरं कोण बांधणार? येसूने निरोप्याकडून टोपल्या उतरवून घेतल्या आणि त्याला पाणी विचारलं.

कोकणात त्या दिवसांत घरोघरी उकड्या तांदळासाठी भात उकडतात. परसातल्या चुलाण्यावर हंडे चढतात, सगळ्या कोंडावर तो वास भरून राहतो. येसूच्या परसातला धूर कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. भात उकडलं की खायला पोटभरीचं होतं, पण त्यातला जीव जातो. तसलं भात मातीत टाकलं तर कुजेल, रुजणार नाही. हे सगळ्या बायका जाणतात. म्हणूनच बियाण्याच्या टोपलीजवळ उकड्याचा हंडा कोणी ठेवत नाही. येसूच्या आईने तिला लहानपणी सांगितलं होतं, "बियान्याला गरम हातसुदिक लावू नये गो. त्येच्या पोटात पोर असतं."

येसूने खोताचं बियाणं टोपली-टोपलीने कढत पाण्यात बुचकळून काढलं. तूस उकलू दिलं नाही, रंग बदलू दिला नाही. फक्त आतला कोंभ मारला.  आयुष्यभर जे जपलं तेच ती मारत होती, आणि तिला ते कळत होतं. मग तिने डोळ्यांपुढे तो आसूड आणला आणि पुढची टोपली उचलली. सावलीत सुकवून, पाखडून, तिने दुहेरी पिळाच्या अशा देखण्या मुड्या बांधल्या की आजवर तिने बांधल्या नव्हत्या. गावाच्या बियाण्याला तिने बोट लावलं नाही. तिचं वैर एकट्या विसाजीशी होतं आणि हिशेब तिने अगदी चोख केला होता, असं तिला वाटलं.

अक्षय तृतीयेला मुड्या उतरवतात. येसू विधवा, म्हणून हळदकुंकू लावायला शेजारची सुवासीण बसली आणि माळ्यावरून मुड्या येसू खाली देऊ लागली. अंगणात लखूसकट सगळी कुळं जमली होती. तेवढ्यात पाखाडीवरून विसाजी खोत वर आला. तो कधी कोंडावर पाय ठेवत नसे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. धाकूला मारल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता, आणि भात पेरायची वेळ आली तशी येसूच्या हातच्या मुड्यांबद्दलची त्याची शंका वाढत गेली होती.

फणसाखाली बसून तो म्हणाला, "यंदा माझ्या मनात आलंय, कुळांना काही द्यावं. माझ्या मुड्या बघा, कशा सोन्यासारख्या बांधल्यात. त्या सगळ्या तुम्ही न्या. तुमच्या फाटक्या-तुटक्या मी पेरतो. खोताने एवढं तरी करावं."

कुळं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. मग एकदम सगळ्यांनी खोताला दुवा दिला. म्हाताऱ्या माणसांचे डोळे भरून आले. विसाजी मात्र कुळांकडे बघत नव्हता. तो माळ्याच्या शिडीवर उभ्या असलेल्या येसूच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"पहिली मुडी येसूच्या जावयाला," तो हसत म्हणाला. "काय येसू? दे आपल्या हाताने."

शिडीवर येसूच्या हातात दुहेरी पिळाची मुडी होती. ती खाली देणं म्हणजे लेकीच्या घरात उपास देणं. मथीच्या मांडीवर सहा महिन्यांचं पोर होतं. आणि न देणं, नुसतं कचरणं, म्हणजे खोताला सगळं सांगून टाकणं. तो तिथल्या तिथे तिला फणसाला टांगता आणि पुन्हा हसत खाली जाता. धाकूची राख फुकट जाती. येसूने खाली बघितलं. हात पुढे करून लखू उभा होता. हाच लखू गडग्यावर गप्प बसला होता, हेही तिला त्या क्षणी आठवलं असावं, असं पाष्टे सांगतात. मला मात्र वाटतं, तिला काहीच आठवलं नसेल. सूड धरलेल्या माणसाला पुढचं पाऊल तेवढं दिसतं.

"धर," ती म्हणाली. "जपून ने. वाटेत भिजवू नको हां."

विसाजीने तिच्या चेहऱ्यात खूप शोधलं. त्याला काही सापडलं नाही. तरीही अदलाबदल त्याने मोडली नाही. खरं निघालं तर आपण वाचलो, खोटं निघालं तर आपलं काय गेलं, असा त्याचा साधा हिशेब होता. कुळं गेली तर गेली.

दुसऱ्याच दिवशी येसू आपल्या कुणग्यासाठी राखलेलं चांगलं बियाणं ओटीत बांधून लेकीकडे गेली. लखू रानात होता. मथी पोराला पाजत होती. येसूने काही लपवलं नाही. सगळं सांगून ओटी तिच्यापुढे रिकामी केली आणि म्हणाली, "तू ह्ये पेर. त्या मुडीला हात लावू नको."

 मथीने ते बियाणं गोळा करून आईच्या ओटीत परत घातलं.

"सगळ्या गावाचं रान काळं आन आमचंच हिरवं? लोकांला काय डोळं न्हाईत? तुला बी मारतील, आमाला बी मारतील. आन खोत हसंल."

"मंग गावाला सांगू काय?"

"सांगून मेलेलं बी जित्तं व्हनार हाय? चांगलं बी खोतानं कुलपात घातलंय." मथीने पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं. "बाबा माज्या पोह्यांपायी गेला, आये. सूड तुज्या एकलीचा न्हाय. आता गप ऱ्हा. काय व्हतंय त्ये व्हऊ दे, आन खोताला काय करायचं त्ये करू दे. त्यो गप बसणारा न्हाय."

बापाची अबोल मुलगी आईच्या वळणावर गेली ती त्या दिवसापासून. येसू घरी आली. ओटीतलं बियाणं तिने आपल्या कुणग्यातही पेरलं नाही. लेकीचं शेत उपाशी तर माझंही उपाशी, असं म्हणून ते तिने चिमण्यांना घातलं.

पाऊस लागला. वेतोळ्यात पेरलेला तरवा, म्हणजे लावणीची रोपं, उगवायची वाट बघत लोक बांधावर बसून राहिले. खोताच्या वाफ्यांत रोपं वर आली, दाट, पोपटी. कुळांच्या वाफ्यांत चिखल तेवढा होता. बोटांनी उकरून बघितलं तर दाणे फुगून फुटलेले आणि कुजलेले. आधी पावसाला दोष दिला, मग देवाला. घराघरांत चूल एकवेळ पेटू लागली. मथीचं दूध आटलं आणि पोर रडून रडून निपचित पडू लागलं. तिने पेजेचं पाणी बोटाने त्याच्या तोंडात सोडलं, आणि आईचं नाव कोणापुढे काढलं नाही.

आणि खरोखरच विसाजी गप्प बसला नाही. शंका खरी ठरली होती, आपण वाचलो होतो, आता त्या बाईला संपवायचं, तेही स्वतःचा हात न विटाळता. त्याने गावाला चावडीवर जमवून सांगितलं, "तुमचं बी येसूने मारलं. चला, विचारू तिला." आणि उपाशी, पिसाळलेलं वेतोळं कोयते-काठ्या घेऊन पाखाडी चढू लागलं. खोत सगळ्यांत पुढे होता.

येसू दारात उभी होती. ती पळाली नाही, आत गेली नाही.

"बियानं तू मारलंस?" एकाने ओरडून विचारलं.

"व्हय. मी उकडलं."

गर्दी तिच्या अंगावर येणार तोच ती पुढे म्हणाली, "पन कुनाचं उकडलं? दुहेरी पिळाची गाठ कुनाची असती? सांगा ना. जल्मभर बगत आलाव. मी खोताचं बी मारलं, माज्या धन्यासाटी. तुमच्या मुड्या साजऱ्या व्हत्या. त्या कुनी नेल्या?"

लोकांच्या नजरा खोताकडे वळल्या.

"ह्या खोतानं तुमाला कदी पसाभर फुकट दिलान? मंग त्या दिशी का दिलान? त्येला वास आला व्हता. त्येला ठावं व्हतं, हिनं कायतरी केलं असंल. म्हनून त्येनं आदी तुमच्या पोरांच्या तोंडात घालून बघितलान."

विसाजी हसला. पण त्या दिवशी त्याचं हसू कोणाला लागलं नाही. गर्दीतून मथी पुढे आली. काखेतलं पोर तिने खोतापुढे धरलं. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"तुमाला ठावं व्हतं, खोतानू?" ती म्हणाली. "व्हय का न्हाय, येवडंच सांगा."

खोताला साधं 'नाही' म्हणता आलं असतं. पण खोत आणि कुळाच्या पोरीला उत्तर देणार? तो म्हणाला, "तुम्हां लोकांना विचारून मी पेरायचं काय?"

तेवढं पुरलं. लखूने हातातली काठी टाकली. त्याच्या मागोमाग सगळ्यांनी टाकल्या. कोणी खोताच्या अंगाला हात लावला नाही. सगळे त्याला ओलांडून खाली उतरले आणि तो अंगणात एकटा राहिला. 

पुढे लावणीचे दिवस आले. खोताने वेठीला बोलावलं आणि सगळं गाव मुकाट्याने आलं. कोंडावरचेही आले. बायकांनी खोताच्या वाफ्यांतली रोपं उपटली, मुळं धुतली, मुठी बांधल्या. पुरुषांनी भारे डोक्यावर घेतले. नांगरून तयार ठेवलेल्या खोताच्या शेताच्या बांधावरून ते भारे पुढे गेले. एकही खाली उतरला नाही. ज्याच्या त्याच्या कुणग्यात ज्याची त्याची लावणी झाली. खोत बांधाबांधावरून धावत ओरडत राहिला. त्याचे गडी? त्यांचेही वाफे कुजलेलेच होते. ते भारे उचलायला हात लावत होते. पेरावं तसं उगवतं म्हणतात. खोताने चांगलं पेरलं, चांगलं उगवलं, फक्त ते त्याच्या शेतात राहिलं नाही.

त्याने सुभ्याकडे शिपाई मागितले. ते नद्या उतरल्यावर आले. तोवर भात कमरेएवढं झालं होतं. शिपाई विचारू लागले, यातलं खोताचं रोप कोणतं? लोक म्हणाले, "तुमीच वळका." शिपायांनी चार दिवस कोंबड्या खाल्ल्या आणि ते परत गेले.

सुगी आली. गावात खळीच खळी वाजत होती आणि खोताचं खळं सारवून, तिवडा रोवून रिकामं पडलं होतं. सांगतात की एका सकाळी विसाजी त्या खळ्यात उतरला आणि तिवड्याचा दोर हातात धरून फिरू लागला. बैल नव्हते, भात नव्हतं. 'हो, हो, चल' असं बैलांना म्हणावं तसं तो स्वतःशी म्हणत होता. घरच्यांनी ओढून आत नेलं तरी सुटून पुन्हा येई. कोणी म्हणतात त्याला वेड लागलं, कोणी म्हणतात वाघजाईने धरला. ते काहीही असो, येसू रोज कोंडावरून उतरून त्या गडग्यावर येऊन बसे. तिच्या पदरात नव्या भाताचे पोहे असत. तो फिरे आणि ती एकेक मूठ तोंडात टाकी. तो थांबला तर म्हणे, "चला खोतानू. दीस अजून कलला न्हाय." लोकांनी तिला एकदा सांगितलं की पुरे आता. ती म्हणाली, "त्या दिशी ह्ये बोललं असताव तर."  माघ लागायच्या आत विसाजी गेला. त्याच्या माणसांनी वेतोळं सोडलं. खळ्यात आज रान माजलंय, ते बाजाराकडे जाताना उजव्या हाताला दिसेल.

पुढच्या पावसाळ्यात गावाने येसूचा कुणगा लावून द्यायचं ठरवलं. तिने बांधावरूनच परतवलं. म्हणाली, नांगरा, चिखल करा, पण रोप लावू नका. हा कुणगा खालच्या खोतवाड्यातून दिसतो. उद्या दुसरा कोणी तिथे येऊन बसेल, त्याला सकाळी उठल्यावर हा दिसला पाहिजे. वेतोळ्यातले लोक म्हणतात, ते तिचं प्रायश्चित्त होतं. कोंडावर असं बोलून बघा.

तिचा सूड पुरा झाला. पण त्या सुगीनंतरचा मार्गशीर्ष आला आणि वेतोळ्याहून कोणीही बियाणं वर आणलं नाही. भांडण नव्हतं, वाटेत भेटले तर लोक तिला वाकून नमस्कार करत. फक्त टोपल्या आल्या नाहीत. कोंडावरच्या शेजारणीही आपापल्या मुड्या आपणच बांधू लागल्या. येसू माळा झाडून, पेंढा भिजवून, दारात बसून वाट बघे. रिकाम्या हातांनी दोर वळत राही.

महिना सरता सरता पाखाडीवरून एकच टोपली आली. डोक्यावर टोपली, काखेत पोर, मथी होती. येसूचा जीव भांड्यात पडला. तिने बियाणं पेंढ्यात घातलं, मुडी वळली, आवळली. अशी मुडी अख्ख्या खोऱ्यात दुसरं कोणी वळलं नसतं. शेवटची गाठ मारायला तिने दोर उचलला, तेव्हा मथीने तिच्या हातावर हात ठेवला.

"आये, तू माज्या बापाचा सूड घेतलास. तुजं पाय धुवून पानी पियीन," ती म्हणाली. "पन गाठ मी मारीन."

येसूने लेकीकडे बघितलं. मग दोराचं टोक तिच्या हातात दिलं.

आजही येसूच्या कोंडावर मुडी वळणारी बाई शेवटची गाठ मारत नाही. ज्याचं बियाणं, त्याने समोर बसून ती मारायची. आईची असली, तरी लेकीने मारायची.